विल्डाला सगळं जमतं

ओलीटा बटीस्टच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आमच्या कूपर क्रीकमध्ये लहानथोर सगळेच म्हणतात. म्हणोत बापडे. बाई छप्पन्न वर्षांची, अंगापिंडाने भक्कम, आणि आमच्या चॉक्टॉ या मूळनिवासी जमातीच्या दवाखान्याची पांढरी व्हॅन चालवते. व्हॅनमध्ये बसणारे सगळे आजारी. कुणाला डायलिसिसला न्यायचं, कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कुणाला तीन तासांवरच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी वाहायची आणि वर तोंड हसरं ठेवायचं, हे ज्याला येत असेल त्याने खुशाल करावं. ओलीटाला येत नाही, आणि येतंय असं नाटकही तिने कधी केलं नाही.

पुढचा लाकडाचा ट्रक सिग्नल न देता वळला की ती खिडकीची काच खाली करून शिवी हासडते. मग मागच्या सीटवरून म्हातारा आर्लिस इम्पसन म्हणतो, "पोरी, अगं गाडीवर जमातीचं नाव आहे."

"असू दे. जमातीला शिव्या येतात हे कळू दे त्याला."

आर्लिस पोट धरून हसतो. त्याला हात धरून उतरवावं लागतं, पण जीभ अजून घोड्यासारखी धावते.

तर हा रोजचा राग. तो डोंगरावरच्या धुक्यासारखा, दहा वाजेपर्यंत निघून जायचा. तिचा दुसरा एक राग आहे, तो जात नाही, आणि तो तिच्या धाकट्या बहिणीच्या आजाराचा.

स्क्लेरोडर्मा. जगात जिथे जिथे म्हणून हा आजार मोजलाय, तिथे कुठेही आमच्या लोकांइतका सापडलेला नाही, हे डॉक्टरांनीच सांगून ठेवलंय. मान मिळायला काय काय कारणं असतात बघा. आधी थंडीत बोटं पांढरीफटक पडतात, मग जांभळी. मग एक दिवस अंगठी निघत नाही. कातडी आवळायला लागते, बोटं अर्धी मिटतात ती तशीच राहतात, टोकांना जखमा होतात, तोंड आवळून घास जाईनासा होतो. आणि ज्याचं नशीब फारच फुटकं त्याची फुप्फुसंही आतून राठ होतात. कशाने होतो ते नक्की कुणी सांगत नाही. रक्तातच काहीतरी असणार म्हणतात.

ओलीटाची आई बर्नीस याच आजाराने गेली. ती असताना कुठल्याशा विद्यापीठाची माणसं चर्चच्या हॉलमध्ये येऊन बसली होती. सगळ्यांचं रक्त घेतलं, आजी कोण, पणजी कोण, कुणाची बोटं वाकडी होती ते विचारलं, बर्नीसच्या हातांचे फोटो काढले. जाताना प्रत्येकाला हॅमचं सँडविच आणि एक पिवळी टोपी दिली. बर्नीस ती टोपी घालून बाजारात जायची. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी दवाखान्यातल्या एका नर्सने ओलीटाला सांगितलं, की त्या रक्तावर पुष्कळ लेख छापून आले, फार महत्त्वाचं काम झालं.

"आमच्या घरी काय आलं?" ओलीटाने विचारलं.

नर्सने हातातली फाइल उघडून पुन्हा मिटली.

"पोस्टकार्ड? एक ओळ? बाई गेली का राहिली, एवढं तरी?"

त्यांचंही सगळंच चुकलं असं नाही. आजार काय आहे ते कळल्याशिवाय औषध कुठून निघणार? हे ओलीटालाही कळतं. पण कळलं म्हणून राग जातो असं कुणी सांगितलं?

विल्डा ओलीटाहून नऊ वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर ती नदीपलीकडच्या कोंबडीच्या कारखान्यात लागली. थंडगार हॉल, समोरून सरकत येणारी सोललेली कोंबडी, हातात सुरी, आणि दिवसभर हाडापासून मांस वेगळं करायचं. तिथे तिची बोटं पहिल्यांदा पांढरी पडली. सुपरवायझरने आणखी एक हातमोज्यांची जोडी दिली. पुढे सुरी हातात राहीना तेव्हा तिने काम सोडलं आणि सामान घेऊन ओलीटाकडे राहायला आली. 'मला सांभाळ' असं ती म्हणाली नाही आणि 'सांभाळते' असं ओलीटाही म्हणाली नाही. विल्डाने बॅग आत ठेवली, ओलीटाने कॉफी ओतली, झालं.

तेव्हापासून सकाळी ओलीटा तिची बटणं लावायची. पाठीमागचे हुक लावायची, मोजे चढवायची, केस धुवायची, अंग धुवायची. ताटातलं डुकराचं मांस बारीक कापून द्यायची. संडासात लागेल ती मदतही करायची. या गोष्टी दोघी कधी बोलल्या नाहीत. आमच्याकडे घरात ज्याचे हात मोकळे असतील त्याने करायचं आणि करून विसरून जायचं. बोलून दाखवलं तर केलेलं मातीत गेलं.

मग शहरातल्या हॉस्पिटलात नव्या औषधाचा अभ्यास सुरू झाला. डॉक्टर केसलर नावाची उंच, बारीक केसांची बाई तो चालवत होती. औषध एका कंपनीचं, दर चार आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचं. अर्ध्या लोकांना खरं औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते पेशंटला ठाऊक नाही, डॉक्टरलाही ठाऊक नाही, शेवटपर्यंत. आमच्या भागातली माणसं हवीत म्हणून डॉक्टर स्वतः तीन तास गाडी चालवून सांगायला आली.

विल्डा म्हणाली, "रक्त नेतील आणि टोपी देतील."

"या वेळी टोपी घेऊच नको. औषध मिळतंय का बघ."

"आणि मिठाचं पाणी निघालं तर?"

"तर मी गाडी घेऊन त्यांच्या हॉस्पिटलात घुसवीन. आवर चल."

आवर चल म्हणजे ओलीटाच आवरणार. त्या पहिल्या दिवशीही विल्डाच्या निळ्या सदऱ्याची बटणं ओलीटाने लावली. बरोबर आर्लिस होता, आणखी चौघं होते. व्हॅन भरली.

तपासणी लांबलचक. डॉक्टर केसलरने विल्डाची कातडी दोन अंगठ्यांत चिमटीत धरून पाहिली. बोटं, हात, दंड, चेहरा, छाती, पोट, मांड्या, पाय, अशी सतरा जागी. जिथे चिमटीत येते तिथे कमी आकडा, जिथे लाकूड झालीय तिथे जास्त. मग एका नळीत जोरात फुंकायला लावलं. आणि मग एक तरुण, गोड नर्स समोर बसली आणि प्रश्न विचारू लागली.

"स्वतःचे कपडे घालता येतात? बटणं वगैरे?"

विल्डाने खिडकीबाहेर पाहिलं. "जमतं."

"काहीच त्रास न होता, थोडा त्रास, खूप त्रास, की जमतच नाही?"

"जमतं. त्रास नाही."

"केस धुणं? अंघोळ?"

"होते रोज."

"ताटातलं मांस कापणं?"

"बरं चाललंय."

"संडासला जाऊन येणं?"

विल्डा हसली. "जाते ना."

नर्सने एकामागून एक खुणा केल्या. ओलीटा शेजारच्या खुर्चीवर मूग गिळून बसली होती. जिला वाटेत ट्रकवाल्यांची आई-बहीण आठवते ती बाई तोंडातून अवाक्षर काढेना. का, ते आमच्यापैकी कुणालाही विचारा. आमच्याकडे माणूस भेटला की 'बरं आहे ना?' असंच म्हणतात, तोच आमचा रामराम, आणि त्याला 'बरं आहे' एवढं एकच उत्तर असतं. मुंडकं तुटून हातात आलेलं असलं तरी तेच. परक्यासमोर रडगाणं गायचं म्हणजे भीक मागायची, असं आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकतो. आणि परक्यासमोर बहिणीला खोटं पाडायचं म्हणजे तर तिला उघडं करायचं. ओलीटाच्या मनात आणखी एक भीती होती. ही फारच आजारी आहे असं दिसलं आणि घेतलंच नाही तर?

परतीच्या वाटेवर, बाकीचे पेंगायला लागल्यावर, तिने आरशातून विल्डाकडे पाहिलं. "जमतं? काय जमतं गं तुला?"

"कपडे घालणं."

"कोण घालतं?"

"अगं, घातले जातात ना? मी नागडी हिंडले का कधी?"

मागून आर्लिस खुसखुसला. ओलीटालाही हसू आवरेना. त्या हसण्याचा तिला पुढे इतका संताप आला, की आठवलं तरी ती स्टिअरिंगवर मूठ आपटते.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत विल्डाच्या बोटांच्या टोकांच्या जखमा सुकल्या. मग हातावरची कातडी हलू लागली. एका सकाळी ओलीटा तिच्या खोलीकडे निघाली तर विल्डाच स्वयंपाकघरात आली, कपडे घालून. बटणं एक घर चुकलेली, एक बाजू वर, एक बाजू खाली. ओलीटा तशीच मागे वळली. न्हाणीघरात गेली, नळ पूर्ण सोडला आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून हमसून हमसून रडली. बाहेर आली तर विल्डा टोस्टला लोणी लावत होती, वाकडंतिकडं, पण स्वतः.

आणि पुढच्या खेपेला शहरात काय? तीच गोड नर्स, तेच प्रश्न.

"कपडे घालता येतात?"

"जमतं."

"पूर्वीपेक्षा काही फरक?"

"बरं आहे. पूर्वीही बरंच होतं."

फॉर्मवर त्याच घरात तीच खूण पडली. ओलीटा तेव्हाही गप्प बसली. औषध लागू पडतंय, आता कशाला तोंड घालायचं?

आणि मग एक दिवस अभ्यासाचा निकाल आला. डॉक्टर केसलरचा फोन आला. औषधाने कातडी थोडी मऊ पडते, पण लोकांच्या रोजच्या जगण्यात औषध घेणारे आणि मिठाचं पाणी घेणारे यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. कंपनी काम बंद करतेय. विल्डाला मिळत होतं ते खरं औषध होतं. पण आता सलाइन बंद.

"बंद म्हणजे?" ओलीटाने विचारलं.

"बंद म्हणजे बंद. मला फार वाईट वाटतंय."

"तुमच्या वाटण्याचं मी काय लोणचं घालू?" असं म्हणून तिने फोन ठेवला. नंतर दिवसभर तिने व्हॅनही चालवली नाही. चार महिन्यांत विल्डाच्या एका बोटाला पुन्हा जखम झाली. चिमटीत येणारी कातडी परत ताठ व्हायला लागली.

कंपनीने आभार मानायला जेवण ठेवलं, आमच्याच सामाजिक सभागृहात. भाग घेतलेल्या प्रत्येकाला कंपनीचं चिन्ह विणलेलं एक पांघरूण. कंपनीतर्फे ब्रेंट ओल्सन नावाचा कोरलेल्या दाढीचा तरुण आला होता, डॉक्टर केसलरही आली होती. ओलीटा बाहेर व्हॅन लावत होती तोच डॉक्टर तिच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"ओलीटा, एक वाट आहे," ती म्हणाली. "ज्यांना स्पष्ट फायदा झाला अशा काही जणांना कंपनी औषध पुढे चालू ठेवायला तयार आहे. मी विल्डाचं नाव सुचवलं. पण फायदा दाखवावा लागतो. आणि विल्डाची उत्तरं पहिल्या दिवसापासून 'काहीच त्रास नाही' अशी आहेत. जिला त्रासच नव्हता तिला फायदा कसला झाला, असं ते मला विचारतायत."

ओलीटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही तिचे हात पाहिलेत ना? स्वतः चिमटे घेतलेत ना? की डोळे घरी विसरून आला होतात?"

"पाहिले. मला दिसत होतं. पण त्या प्रश्नांना माझं उत्तर चालत नाही, पेशंटचंच लागतं. आणि फक्त विल्डाच नाही. इथून आलेल्या एकूण एक माणसाने असंच सांगितलंय. मला वाटलं, ही माणसं फार सोशिक आहेत."

"सोशिक! घाला चुलीत तुमचं सोशिक!"

डॉक्टर मागे सरली नाही. खाली मान घालून म्हणाली, "विचारायला हवं होतं मी. नाही विचारलं. आता विल्डाने किंवा घरच्या कुणी, आधी काय काय जमत नव्हतं ते सांगितलं, तर मी ते जोडू शकते. ब्रेंटने स्वतः ऐकलं तर आणखी बरं. पुढच्या आठवड्यात नावं ठरणार आहेत."

विल्डा मागच्या दाराशी एकटीच उभी होती, कोटाच्या बाह्यांत हात लपवून. ओलीटाने तिला सगळं सांगितलं.

"नाही," विल्डा म्हणाली.

"दोन वाक्यं बोलायचीत."

"त्या पोरासमोर? मला कोण धुवायचं ते? संडासात कोण यायचं ते?"

"हो, तेच! तेच सांगायचंय!"

"आईने सांगितलं होतं कधी?"

"आई मेली, विल्डा!"

"मेली. पण कुणाला तिच्या अंगाच्या गोष्टी ठाऊक होत्या का? नव्हत्या." विल्डाला धाप लागली, मध्ये थांबून तिने श्वास घेतला. "माझ्याबद्दल... एक शब्द बोललीस ना, ओली... तर तुझं माझं संपलं. नीट ऐक."

ओलीटाने नीट ऐकलं. तिला ठाऊक होतं, विल्डा आयुष्यात क्वचित धमकी देते आणि दिली की पाळते. नवरा गेल्यावर त्याच्या भावाला 'पुन्हा पायरी चढू नको' म्हणाली होती, ते अजून त्याने पायरी चढलेली नाही.

आत जेवणं झाली. ब्रेंट उभा राहिला. तुमचं धैर्य, तुमचं योगदान, विज्ञानाचं पुढचं पाऊल. लोक शांतपणे ऐकत होते. आमचे लोक कुणाचंही ऐकतात. मग त्याने विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

आमच्याकडे या प्रश्नावर कुणी उठत नाही. थोडा वेळ खाली बघायचं, मग सगळ्यात म्हातारा माणूस 'याकोके' म्हणून आभार मानतो, मग घरी जायचं. आर्लिस काठी टेकून उठायच्या बेतात होता.

"बस तू," ओलीटा म्हणाली आणि स्वतः उठली. "आर्लिस, तुझ्या पायात मोजे कोण घालतं?"

आर्लिस गोंधळला. "काय विचारतेस, पोरी?"

"सरळ विचारतेय. सकाळी मोजे कोण घालतं?"

"सून घालते."

"आणि नर्सला काय सांगितलंस?"

"सांगितलं, जमतं." लोक हसले. आर्लिस वैतागून म्हणाला, "मग काय सांगू? त्या एवढ्याशा पोरीला माझे पाय दाखवू?"

"हसू नका!" ओलीटा ओरडली. ती ब्रेंटकडे वळली. "तू ऐक. तुम्ही आम्हाला विचारलंत, जमतं का? आम्ही म्हटलं, जमतं. दीड वर्ष विचारलंत. एकदा तरी विचारलंत का, कुणाच्या हातांनी? इथे बसलेल्या एकाही माणसाने स्वतःचं बटण स्वतः लावलेलं नाही! त्यांच्या बायकांनी लावलंय, सुनांनी लावलंय. ही माणसं सुधारली ते तुमच्या आकड्यांत येणार कुठून? पहिल्याच दिवशी सगळे ठणठणीत होते ना तुमच्याकडे!"

"मॅडम, प्रश्नावली सगळीकडे एकच..." ब्रेंट म्हणाला.

"सगळीकडची मला काय सांगतोस? हा आजार सगळ्यात जास्त कुणाच्या घरात आहे? मग विचारायचं कसं ते आम्हाला नको विचारायला? आणि तुम्ही!" ती आपल्या माणसांकडे वळली. "मान खाली घालून बसलात! मीही बसले. आपण सगळ्यांनी शेण खाल्लं. आपल्या चांगुलपणाने आपलंच औषध बंद पाडलं, आणि आता ही पांघरुणं घेऊन घरी जा!"

मग तिने विल्डाकडे पाहिलं. विल्डा मान हलवत होती. नको, नको. ओलीटाला ते दिसलं. तिच्या आवाजात तोवर जो जोर होता तो गेला, पण ती थांबली नाही.

"माझी बहीण विल्डा. औषध सुरू व्हायच्या आधी मी तिला रोज अंघोळ घालायचे. तिचे केस धुवायचे. तिला घास बारीक करून द्यायचे, कारण तोंडात चमचा आडवा जात नव्हता. संडासात गेली की मला हाक मारायची, आणि मी... मी तिला स्वच्छ करायचे. औषध सुरू झाल्यावर तिने मला एक दिवस हाक मारली नाही. पुन्हा कधी मारली नाही. आता औषध बंद झालंय आणि गेल्या रविवारी तिने परत हाक मारली. लिहून घे, पोरा. हा फरक आहे. लिहून घे!"

विल्डा उठली. कुणाकडे न बघता टेबलांच्या मधून चालत बाहेर गेली. ब्रेंट लिहीत होता. डॉक्टर केसलरही लिहीत होती. मग आर्लिसची सून उठली आणि हळू आवाजात मोज्यांचं सांगू लागली. मग कुणाची तरी बायको उठली. ओलीटाने पुढचं ऐकलं नाही. ती व्हॅनकडे धावली, पण विल्डा त्यात नव्हती. ती रस्त्याच्या कडेने घराकडे चालत निघाली होती. ओलीटाने व्हॅन तिच्याजवळून हळूहळू नेली, दार उघडून. विल्डाने मान वळवली नाही.

औषध पुढे चालू ठेवायला चार नावं मंजूर झाली. त्यांत विल्डाचं होतं. अभ्यास तो अभ्यास, एकदा मिळालेली उत्तरं बदलता येत नाहीत. आजाराला नव्याने सापडलेल्या पोरीबाळींना ते औषध मिळणार नाही ते नाहीच, आणि ओलीटाला विचाराल तर ती आजही तुम्हाला त्यावरून तासभर सुनावील. आर्लिसला मिळत होतं ते मिठाचं पाणी निघालं. "दीड वर्ष शिरेतून मीठ घेतलं," तो म्हणतो, "तरी मला बरं वाटायचं. मीच मोठा लबाड."

आणि विल्डा बोलेना. एकाच घरात राहायची, एकाच टेबलावर जेवायची, आणि ओलीटाकडे भिंतीकडे बघावं तसं बघायची. सलाइनला जायचं असलं की दुसऱ्या ड्रायव्हरला फोन करायची. हाताची जखम बांधून हवी असली तर शेजारच्या बाईकडे जायची. ओलीटाने आधी समजावलं, मग भांडी आपटली, मग माफी मागितली, मग माफी मागितल्याचा राग आला म्हणून पुन्हा भांडी आपटली. काही उपयोग झाला नाही. "माझं तोंड बघू नकोस, पण सलाइन चुकवू नकोस," असं ती बंद दाराला सांगायची आणि व्हॅन काढायची. दोन वसंत असे गेले.

यंदा मार्चमध्ये चर्चमध्ये रानकांद्याचं जेवण होतं. सगळ्यांनी ओल्या पानांखालून कांदे खणून आणलेले, अंड्यांत परतलेले, मोठमोठी पातेली, डुकराचं मांस, मक्याच्या पिठाचा, सालीत गुंडाळून उकडलेला बनाहा. विल्डा वाढत होती. विल्डा! हातात भांडं धरून, पळी आपली आपण धरून. ओलीटा टेबलाच्या टोकाला आर्लिसशेजारी बसली होती. विल्डाने आर्लिसच्या ताटात वाढलं, त्याची विचारपूस केली, ओलीटाला ओलांडलं आणि पलीकडच्या माणसाला वाढलं.

एवढ्यावर ओलीटाचं टाळकं सटकलं. "मी काय खांब आहे?" ती म्हणाली. "किती दिवस चालणार आहे हे? मी काय चूक केली? सांग ना! चारचौघांत सांग काय चूक केली!"

विल्डाने भांडं टेबलावर आदळलं. अंडी उडाली.

"चारचौघांतच सांगते!" ती ओरडली. "तू मला धुवायचीस ते अख्ख्या गावाला सांगितलंस, संडासातलं सांगितलंस, मी नको नको म्हणत होते ते तुला दिसत होतं आणि तरी सांगितलंस, आता बाजारात माझ्याकडे बघणारं प्रत्येक माणूस मला तशी बघतं, मोरीत बसलेली, आणि ते मी मरेपर्यंत बघणार, आणि तू म्हणतेस चूक काय केली, आईने तुला आयुष्यभर डोक्यावर चढवून ठेवलं म्हणून तुला वाटतं तुझा राग म्हणजे देवाचा राग, आणि मी तुला माफ करणार नाही, ऐकलंस का, ओली, मी ठणठणीत बरी झाले तरी माफ करणार नाही!"

सगळ्यांचे घास हातात राहिले होते. आमच्या चर्चमध्ये असा आवाज कुणी कधी काढला नव्हता, आणि विल्डाने तर जन्मात नाही. तिचं तोंड पूर्ण उघडलं होतं. दात दिसत होते, पार मागचे.

ओलीटा तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की विल्डा हे सगळं मध्ये कुठेही न थांबता बोलली होती. धाप लागली नव्हती.

"काय बघतेस?" विल्डा ओरडली.

"काही नाही," ओलीटा म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि तिने ते पुसले नाहीत. "आणखी बोल. थांबू नकोस. काय काय केलं मी, सगळं सांग. ओरडून सांग."